पाणी चढवणारा जिल्हा

(कुपवाड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे ‘आर्थिक वाढ, पर्यावरणाचं संकट आणि सामाजिक न्याय’. या विषयावर बोलणारा माणूस सहसा पृथ्वीच्या तापमानापासून सुरुवात करतो, मग ध्रुवावरचं बर्फ, मग समुद्राची पातळी, आणि वेळ संपल्याची चिठ्ठी आली की घाईघाईने आपल्या तालुक्यात येतो. मी तालुक्यातच राहणार आहे. सांगली आणि साताऱ्याचा जो पट्टा आहे, कोयनेपासून जतपर्यंतचा, त्यात या तिन्ही गोष्टी इतक्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत की उदाहरणासाठी बाहेर जायची गरज नाही.

ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक, बाजारपेठ सगळं पाण्यात. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. कुपवाडचा माळ मात्र कोरडा होता. याच माळाला पूर्वी कुणी विचारत नव्हतं. कुसळं उगवणारी हलकी जमीन, म्हणून तर इथे औद्योगिक वसाहत आली. सांगली, मिरज आणि कुपवाड अशी तीन नावं जोडून ९ फेब्रुवारी १९९८ ला महापालिका झाली, त्यात कुपवाडचं नाव शेवटी. सोयींच्या रांगेतही आपण शेवटीच आहोत, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण त्या आठवड्यात शहाण्या वस्तीपेक्षा हा माळ शहाणा ठरला.

आणि त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, उन्हाळ्यात काय चाललं होतं? आटपाडी आणि जतमध्ये चारा छावण्या होत्या. माणसं जनावरांबरोबर छावणीत मुक्कामाला होती, गावांत टँकर फिरत होते. पश्चिमेला नदीकाठी होड्या, पूर्वेला टँकर. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आटपाडीला चारशेच्या आसपास. हे अंतर निसर्गाने ठेवलं आहे, ते मान्य. पुढचं सगळं माणसांनी केलं आहे, आणि मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या जिल्ह्याची वाढ एका वाक्यात सांगायची तर पाणी चढवण्याची गोष्ट सांगावी लागते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूला कृष्णेवर बांध घातला, तिथून टप्प्याटप्प्याने पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पुढे सोलापूर जिल्ह्यात सांगोल्यापर्यंत न्यायचं. मूळ आराखडा २२ टीएमसी पाण्याचा, ८०,४७२ हेक्टर क्षेत्राचा. १९९६ मध्ये काम सुरू झालं. या योजनांसाठी लोकांनी मोर्चे काढले, ठिय्या मारला. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर ही माणसं १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद भरवत आली. त्यामुळे या योजनांची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. ज्याच्या घरी पाणी आहे त्याने दुसऱ्याच्या पाण्याचा खर्च मोजू नये, हा आमच्याकडचा साधा संकेत आहे.

तरीही खर्च मोजावा लागतो, कारण तो कुणीतरी भरतोच. शाळेतल्या भौतिकशास्त्राने हिशेब करू. एक हजार लिटर पाणी तीनशे मीटर वर चढवायचं तर, पंपातली गळती धरून, एक युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. आता दुसरीकडे बघा. कोयनेचं पाणी पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला खाली सोडतात. सुमारे पावणेपाचशे मीटरची झेप. तिथे एक हजार लिटर पाण्यातून साधारण तेवढीच वीज मिळते. कृष्णा पाणीवाटप लवादाने या वळवणुकीसाठी ६७.५ टीएमसीची परवानगी दिली. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी कोकणात पाडून वीज करायची, आणि त्याच खोऱ्यात उरलेलं पाणी विजेवर चढवून दुष्काळी भागाला द्यायचं. एक लिटर समुद्राकडे पाठवला की एक लिटर आटपाडीच्या वाटेवर चढतो. इतका चोख व्यवहार एखाद्या सावकाराच्या वहीतही सापडणार नाही. यात कुणी गुन्हा केला असं मी म्हणत नाही. कोयनेच्या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने चालले, इथल्या भट्ट्याही चालतात. पण वाढ म्हणजे शून्यातून काहीतरी निर्माण होणं, हा समज इथे टिकत नाही. कुठल्यातरी उतारावरचं काढून कुठल्यातरी चढावर ठेवलेलं असतं.

मग पहिला प्रश्न असा की काढलं कुणाचं? कोयनेच्या धरणाचं काम १९५४ मध्ये सुरू झालं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा. मधल्या काळात पाटण-जावळीच्या खोऱ्यांतल्या लोकांना दिलेला शब्द कुठल्याही कायद्यात बसत नव्हता. फेब्रुवारी २०१८ मध्ये कोयनानगरला त्यांनी ठिय्या मांडला, तेव्हा बसलेल्यांत नातवंडं होती. धरण उठवून गेलं त्यांना, आणि जे जंगलाच्या कडेने उरले त्यांच्यातल्या अनेकांना अभयारण्याने उठवलं. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ हवाच. पण एका पिढीने विजेसाठी जागा सोडायची आणि दुसरीने वाघासाठी, आणि वीज वापरणाऱ्याने दोन्ही वेळा टाळ्या वाजवायच्या, असं किती दिवस चालणार? विकास आणि पर्यावरण हे एकमेकांचे वैरी असल्याचं आपण ऐकतो. त्या खोऱ्यातल्या माणसाला विचारा, तो सांगेल की दोघांची मोजणी एकाच तलाठ्याने केली.

दुसरा प्रश्न, ठेवलं कुणाच्या दारात? पाणी जमिनीला मिळतं. कालव्याच्या लाभक्षेत्रात ज्याची जमीन त्याला पाणी, ज्याची जास्त जमीन त्याला जास्त पाणी, आणि ज्याला जमीनच नाही त्याला पाणी दिसतं फक्त. हा नियम आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की तो नियम आहे हेच लक्षात येत नाही. उपसा योजनांच्या विजेच्या बिलाचं काय झालं ते आठवा. थकबाकीने पंप बंद पडायचे, आवर्तन चुकायचं. शेवटी ठरलं की ८१ टक्के बिल शासन भरेल आणि १९ टक्के शेतकरी. निर्णय योग्य होता, नाहीतर योजना भंगारात गेल्या असत्या. पण शासनाचे ८१ टक्के म्हणजे कुणाचे? जतच्या भूमिहीन बाईने साबणाची वडी घेतली, काड्यापेटी घेतली, त्यावरचा कर त्यात आला. तिच्या पैशाने पाणी चढतं. ते तिच्या शेजारच्या जमिनीत उतरतं. तिच्या वाट्याला त्यातून मजुरी येते, हक्क येत नाही.

आणि तीच बाई दिवाळीनंतर कोयता घेऊन नवऱ्याबरोबर पश्चिमेला ऊस तोडायला येते. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते.

उसाचं नाव आलं, आता थोडं थांबतो, कारण इथे अर्धं सभागृह ऊसवाल्यांचं आहे आणि उरलेलं त्यांच्या पाहुण्यांचं. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने काही वर्षांपूर्वी नोंदवलं की महाराष्ट्रात लागवडीखालच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातला सुमारे ७० टक्के वाटा तो घेतो. एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या वर पाणी. हेच पाणी तीनशे मीटर चढवून ऊस केला, तर किलोभर साखरेत सव्वादोन युनिट वीज नुसती पाणी उचलायची. हे आकडे काढून पुण्या-मुंबईचे लोक शेतकऱ्याला झोडपतात, ‘आळशाचं पीक’ म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या पिकाचा दर कायद्याने ठरतो, ज्याला घ्यायला कारखान्याची गाडी बांधावर येते, ते पीक सोडून ज्वारी करा असं सांगणारा माणूस स्वतःची कायमची नोकरी सोडून रोजंदारीवर जाईल का? शेतकरी हिशेबाला पक्का आहे. हिशेब ज्या पाटीवर मांडलाय ती पाटीच तिरकी आहे.

ती पाटी सरळ करायचा प्रयत्न झाला होता. १९७९ मध्ये वि. म. दांडेकर, दत्ता देशमुख आणि देऊस्कर या तिघांच्या समितीने सांगितलं की धरणांचं पाणी बारमाही न देता आठमाही द्यावं. पावसाळा आणि रब्बी, बस्स. तेवढ्यात ऊस बसत नाही, पण तेवढ्याच पाण्यात कितीतरी जास्त गावं भिजतात. दांडेकर जन्माने साताऱ्याचे, नीलकंठ रथांबरोबर १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचं मोजमाप मांडणारे. त्यांना पाण्यात दारिद्र्य दिसलं यात नवल नाही. शासनाने पुढे आठमाहीचं धोरण स्वीकारलं. कागदावर टेंभूही आठमाहीच आहे. प्रत्यक्षात खानापूर-कडेगावात पाणी पोचलं आणि पाठोपाठ उसाची नांगरट झाली. उरलेले चार महिने विहीर आणि बोअर.

या सगळ्याची किंमत फक्त भूमिहीन मोजतो असंही नाही. वाळव्यापासून मिरज-शिरोळपर्यंत नदीकाठची काळी कसदार जमीन, जिच्यावर आपल्या सहकाराचे इमले उभे राहिले, ती पाणी पिऊन पिऊन क्षारपड झाली. उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो. चर काढा, जमिनीखाली सच्छिद्र पाइप घाला, एकट्याने घालून भागत नाही, खालच्या शेजाऱ्याने पाण्याला वाट द्यावी लागते. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात या जमिनींवर वर्षानुवर्षं काम चाललं आहे. इकडे जादा पाण्याने जमीन मरते आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवर पाण्यावाचून. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशाने कौतुक केलं, आपल्यालाही अभिमान वाटला, आणि वाटायलाच हवा. मिरजेचं स्टेशन आणि जतची गावं मात्र एकाच जिल्ह्यात आहेत, हे त्या कौतुकात कुणी बोललं नाही. जतची सीमेवरची गावं पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव का करत होती, याचं उत्तर भाषावादात शोधणारे शोधोत.

आता १९७२ कडे येतो. त्या वर्षी जगात दोन गोष्टी घडल्या. वाढीला मर्यादा आहेत असं सांगणारा ‘क्लब ऑफ रोम’चा अहवाल आला, आणि स्टॉकहोमला पर्यावरणावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली. तिथे इंदिरा गांधींनी गरिबी आणि गरज याच सगळ्यात मोठ्या प्रदूषक नाहीत का, अशा अर्थाचा प्रश्न विचारला. तो प्रश्न आजही भाषणांतून फिरतो. मला तो अर्धाच वाटतो. कृष्णेत शेरीनाला मिसळतो, मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ नदीत हजारो मासे मरून तरंगले, ही घाण गरिबीने केली असं म्हणायला फार धीर लागेल.

तर तेव्हा तिकडे स्टॉकहोमला चर्चा चालली होती, आणि इकडे बाहत्तरचा दुष्काळ. खडी फोडणारी बायामाणसं, सुकडी, मिलो. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना चव आठवत असेल. जगभरचे विद्वान पर्यावरण आणि गरिबी यांची सांगड कशी घालायची याचा खल करत होते, तेव्हा तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या एका गृहस्थाने सात वर्षं आधीच प्रयोग करून ठेवला होता. वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये आपल्या गावात त्यांनी सुरुवात केली ती कल्पना अशी की काम मागेल त्याला काम, आणि ते काम असं की त्यातून जमिनीची धूप थांबेल, पाणी मुरेल. दुष्काळात ती कल्पना राज्याने उचलली, १९७७ मध्ये कायदा केला, पुढे २००५ चा देशाचा कायदा याच वाटेने गेला. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, नालाबांध. रोजगार आणि पर्यावरण यांची एकाच मस्टरवर हजेरी.

आणि पैसा कुठून? इथे बसलेल्या प्रत्येक पगारदाराने आपल्या पगाराची स्लिप आठवावी. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. पीटी. व्यवसाय कर. तो १९७५ मध्ये लावला गेला तोच रोजगार हमीसाठी. शहरातल्या, कारखान्यातल्या पगारातून थोडं काढायचं आणि कोरडवाहू गावात पाणी मुरवणाऱ्या हाताला द्यायचं. वाढ, न्याय आणि निसर्ग यांना जोडणारी एवढी थेट नळी मला दुसरीकडे कुठे दिसत नाही. पण ती कुठे तुंबली बघा. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे. १९८८ च्या दुरुस्तीने ती २५० वरून २,५०० झाली आणि तिथेच थांबली. कुपवाडच्या फाउंड्रीत साचे ओतणारा कामगार वर्षाला २,५०० भरतो. मुंबईत कोट्यवधींचा पगार घेणारा मोठ्या कंपनीचा प्रमुखही २,५०० भरतो. १९८८ नंतर कोण किती वाढलं हे तुम्हाला ठाऊक आहे. वाढीतला वाटा मागायचा तर या आकड्यापासून सुरुवात करता येते, आणि आश्चर्य असं की कामगार संघटनांच्या मागणीपत्रात मला तो कधी दिसला नाही.

पागेंच्या योजनेत आणखी एक छिद्र होतं. पाझर तलाव खोदला भूमिहीन बाईने. पाणी उतरलं तलावाखालच्या विहिरीत. विहीर दुसऱ्याची. तिला मस्टरवरची मजुरी मिळाली आणि विहीरवाल्याला कायमचं पाणी. १९९० मध्ये योजनेला फळबाग लागवड जोडली गेली, आटपाडी-सांगोल्याकडे डाळिंबं बहरली, निर्यातही झाली. चांगलं झालं. पण बागही जमीनवाल्याचीच. हमी मजुरीची होती, मालमत्तेची नव्हती.

हे छिद्र बुजवायचा प्रयत्न दोन ठिकाणी झाला. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्धा एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. मग जमीन दहा एकर असो. भूमिहीनालाही हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकायचा नाही. आणि ऊस लावायचा नाही.

दुसरा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यातला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याची सुरुवात गिरणीच्या फाटकावर झाली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. खानापूर तालुका हा बाहेर जाऊन पोट भरणारा तालुका. कुणी गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, देशभर पांगलेले, कुणी गिरणीत. संप लांबला तसे गिरणी कामगार गावी परतले, आणि बघतात तर गावात दुष्काळ. रोजगार हमीच्या कामावर जायचं, खडी फोडायची. गिरणीत संघटना बघितलेली माणसं ती. त्यांनी विचारायला सुरुवात केली की हा दुष्काळ दरवर्षी का येतो? पाऊस तर पूर्वीही कमीच होता. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, भारत पाटणकर आणि गेल ऑम्व्हेट यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. दुष्काळावर परिषदा झाल्या, विज्ञान जत्रा झाल्या, के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते गावात येऊन बसले.

आणि उत्तर नदीच्या पात्रात सापडलं. येरळा. खटाव तालुक्यात उगम पावते, खानापूर-तासगावातून येऊन कृष्णेला मिळते. वर्षातले बरेच महिने कोरडी दिसणारी नदी, पण पात्रात वाळूचे थर. वाळू पाणी धरून ठेवते, कडेच्या विहिरींना हळूहळू देते. ठेकेदार ती वाळू ट्रकने काढून शहरांच्या बांधकामांना विकत होते. लिलावाचा पैसा सरकारला, नफा ठेकेदाराला, कोरड्या विहिरी गावाला. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी मग असं ठरवलं की ठेकेदाराची वाळू बंद, आणि गरजेपुरती थोडी वाळू गावाने स्वतः विकायची, त्या पैशात नदीवर धरण बांधायचं. वाळू सरकारची, त्यामुळे सरकारशी काही वर्षं झगडा झाला. लोकांनी श्रमदान केलं, पुण्या-मुंबईच्या हितचिंतकांनी पैसे दिले. बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं.

धरण लहान आहे. बघायला गेलात तर निराश व्हाल. महत्त्वाचं आहे ते वाटप. गावातल्या प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान हिस्सा, जमीन असो वा नसो. भूमिहीनाने दुसऱ्याची जमीन वाट्याने करायची आणि पाणी स्वतःचं घालायचं. वाटा ठरवताना त्याच्याकडे घालायला काहीतरी आलं. आणि उसाला बंदी.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. उसावर बंदी घालायचा प्रयत्न शासनाने करून बघितला, आठमाहीचं धोरण आणून बघितलं, पण ते धोरण पाटाच्या कडेला कुणी जुमानलं नाही. त्याच जिल्ह्यातल्या, तशाच शेतकऱ्यांनी, कुणी सक्ती न करता, आपण होऊन ऊस न लावण्याचं मान्य केलं. फरक कशात होता? तिथे आधी वाटणी झाली होती. समान हिस्सा एकदा ठरला की एकाने ऊस लावणं म्हणजे शेजारच्या घराच्या हिश्श्यात हात घालणं, आणि ते सगळ्यांना दिसतं. वाटणीच नसते तिथे ऊस न लावणारा मूर्ख ठरतो, कारण त्याने वाचवलेलं पाणी वरचा मोटरवाला ओढतो. पर्यावरणवादी मंडळी गेली पन्नास वर्षं मर्यादेची भाषा बोलतात, आणि ती बरोबरच आहे. पण मर्यादा कुणी पाळायच्या हे न सांगता सांगितलेली मर्यादा नेहमी खालच्या माणसावर येऊन पडते. वाटणी आधी झाली तर मर्यादा पाळली जाते. उलट क्रमाने ती कधी पाळली गेल्याचं मला इथे तरी दिसलेलं नाही.

जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, येरळा जिथे उगम पावते त्याच खटाव तालुक्यातलं. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी ठिकठिकाणी तलाव-बंधारे बांधून पाणी मुरवण्याची योजना मांडली, आणि त्याच पुस्तकात जंगल खात्याने गावाची गायरानं बंद केली म्हणून खडसावलंही. पाणी अडवा, पण माणसाला जंगलातून हाकलू नका. हे दोन्ही एकाच लेखणीतून आलं, कारण त्यांना ते दोन वेगळे विषय वाटत नव्हते. विद्यापीठांतले विभाग नंतर झाले.

कुपवाडच्या वसाहतीतला कुणी विचारेल, मग आमचे कारखाने बंद करायचे का? नाही. पण ज्या क्रमाबद्दल मी बोललो तो इथेही लावून बघा. भट्टीसमोर उभा राहणारा, धूळ आणि धूर पहिल्यांदा छातीत घेणारा कंत्राटी कामगार वसाहतीच्या बोलण्यात कुठे बसतो? त्यात जतचा मुलगा आहे, बिहारचा आहे. प्रदूषणाचा प्रश्न निघाला की त्याला सांगतात, तक्रार केलीस तर भट्टी बंद, तुझी भाकरी बंद. आणि तो गप्प बसला की कारखान्याचा शेजारी म्हणतो, कामगारांनाच काही वाटत नाही. ज्याची नोकरी उद्या सकाळपर्यंतची आहे त्याच्याकडून हवा शुद्ध ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही. कायम करा, मग तोच तुमचा सगळ्यात चांगला निरीक्षक होईल.

पुराचंही तेच. आपल्याकडे पूर आला की अलमट्टीवर भांडण सुरू होतं. उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर नेण्याला विरोध करायला हवा, तो करू. पण २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेसुद्धा सगळा दोष अलमट्टीच्या माथी मारला नाही. सांगलीच्या पोटातले ओत आणि नाले कुणी बुजवले? पाणी जिथे थांबायचं तिथे प्लॉट कुणी पाडले? शामरावनगरसारख्या सखल भागात गुंठ्या-दोन गुंठ्यांत घर बांधणारा माणूस हौसेने गेला नाही, वरची जमीन त्याला परवडत नव्हती. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता, पाणी पहिल्यांदा तिथे शिरतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. नकाशावरची निळी पूररेषा त्या घरांवरून जाते. ज्याने ती जमीन विकली त्याचा बंगला रेषेच्या बाहेर असतो. आता पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची योजना जागतिक बँकेच्या कर्जातून होऊ घातली आहे. होऊ दे. फक्त ते पाणी पूर्वेला पोचल्यावर पुन्हा सातबारा बघूनच वाटणार का, हे आज विचारायला हवं. पंप बसल्यावर विचारून उपयोग नसतो.

शेवटी एक हिशेब तुमच्याच गावाचा. कुपवाडची भुयारी गटार योजना कित्येक वर्षं रखडली होती, आता मंजूर झाली आहे. आजवर आपण गटार म्हणजे घाण एवढंच बघितलं. माणशी रोज १३५ लिटर पाणी हा शहरी पुरवठ्याचा निकष, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. एक लाख वस्तीमागे दिवसाला एक कोटी लिटरच्या वर. वर्षाला धरलं तर, गळती सोडून, साधारण साडेतीनशे एकर ऊस भिजेल. किंवा अठराशे एकर रब्बी ज्वारी. शुद्ध केलेल्या या पाण्याला उद्या मालक येणार आहेत. वसाहतीतले कारखाने मागतील, त्यांचं म्हणणं चुकीचं नसेल, नदीतून तेवढं कमी उचलावं लागेल. खालचे ऊसवाले मागतील. शेरीनाल्याचं पाणी धुळगावला न्यायच्या योजनेचं काय काय झालं ते तुम्ही बघितलंच आहे, तिथे पाइप आणि पंप यांची चर्चा खूप झाली, पाणी कुणाच्या नावावर याची कमी झाली. बामणोली, सावळी या बाजूच्या कोरडवाहू शिवारात किती कुटुंबं आहेत, त्यांतली भूमिहीन किती, कुणाला किती हिस्सा द्यायचा आणि ऊस चालणार की नाही, याचा ठराव प्रकल्पाचं पहिलं पाणी बाहेर पडायच्या आत महासभेत करून घ्यावा लागेल. ज्या माळाला पूर आला नाही आणि पाणीही आलं नाही, त्या माळावरच्या लोकांनी तो मागितला तर नाही म्हणायला कुणालाही जड जाईल. मसुदा करायला वकील लागतील, हिशेबाला अभियंते लागतील. आज इथे दोन्ही बसलेले मला दिसताहेत.